खोडाआड

माझ्या बहिणीचं सासर आणि माहेर एकाच रस्त्यावर आहे. वरच्या टोकाला ती, खालच्या टोकाला मी. मधे एक इस्त्रीवाला, एक दवाखाना, दोन किराणा दुकानं आणि एक कायम बंद असलेलं सायकलचं दुकान. रमतगमत गेलं तरी हातातला चहा गार होणार नाही एवढं अंतर. तिचं लग्न ठरलं तेव्हा वडील सगळ्यांना सांगत सुटले होते म्हणे, पोरगी दिली पण डोळ्यांसमोर ठेवली.

हेच अंतर गेलं वर्षभर तिला पार करता आलं नव्हतं. त्यात आता भाच्याची बदली झाली. येत्या रविवारी सामान ट्रकमधून आणि माणसं गाडीने, अशी सगळी मंडळी लांबच्या गावी चालली होती. इथलं घर सोडणार होते, तेव्हा ताईला त्यांच्याबरोबर जाणं भागच होतं. जाण्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती. एकदा, दुपारी चारच्या सुमाराला, न कळवता, आपलं आपण माझ्या दारात यायचं.

"न कळवता म्हणतेस आणि मला सांगून ठेवतेस," मी म्हणालो.

"तू घरी नसलास तर?"

"मी कुठे जातोय तडफडायला?"

"तेच म्हणते. तरी सांगून ठेवलेलं बरं."

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी शेंडेफळ, म्हणून तिने माझं नाव शेंड्या ठेवलं. आता शेंडी सोडाच, डोक्यावर औषधाला केस उरलेला नाही, पण तिच्या तोंडी मी शेंड्याच. माझं लग्न राहून गेलं आणि आईवडिलांच्या मागे हे घर माझ्याकडे आलं. ताई रोज चारला यायची. सुरुवातीला चारला यायची कारण तिच्या सासूबाई तेव्हा झोपलेल्या असत. सासूबाई गेल्या, भाऊजी गेले, सून आली, नातवंडं झाली, तरी वेळ चारचीच राहिली. यायची, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि माझ्या चहाला नावं ठेवायची. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की त्याला आपण सुख म्हणावं हे कधी डोक्यातच आलं नाही.

गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. चाकाची खुर्ची आली. पहिल्या महिन्यातच तिने सुनेला बजावलं, मागून ढकलायचं नाही, मी काय भाजीची हातगाडी आहे? दोन्ही हातांनी चाकं फिरवत ती घरभर जाऊ लागली, मग रस्त्यावर, मग दवाखान्यापर्यंत. घोडं अडायचं ते माझ्या दाराशी.

आमच्या फाटकापासून पाच-सात पावलांवर फूटपाथच्या आतल्या कडेला एक जुनं झाड आहे. त्याच्या मुळांनी फूटपाथ खालून असा उचलला होता की फरश्या तिरक्या होऊन एकमेकींवर चढल्या होत्या. धडधाकट माणूस तिथे ठेचकाळायचा, खुर्चीचं तर नावच नको. खाली रस्त्यावर उतरावं तर कडेला ओळीने गाड्या लावलेल्या आणि मधून बसची ये-जा. ताई एकदा तशी निघालीही होती. एक स्कूटर तिच्या कोपराला घासून गेली आणि त्या दिवसापासून भाच्याने रस्त्यावर उतरायला बंदी केली. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

मग तो तिला रविवारी मोटारीतून आणू लागला. उचलून सीटवर ठेवायचा, खुर्ची घडी करून मागे टाकायचा, इथे आल्यावर पुन्हा सगळं उलट. पोरगा वाईट नाही. पण माझ्याकडे बसला की त्याचा गुडघा हलत राहायचा, आणि ताईचं सगळं लक्ष त्या गुडघ्याकडे. बोलणं हवापाण्यापलीकडे जायचं नाही.

"मोटारीतून आलं की पाहुणी झाल्यासारखं वाटतं रे," ती एकदा म्हणाली. "घरी मी सासू असते, आजी असते, आता पेशंट असते. इथे मी काहीच नसायचे. तेच बरं होतं."

इथे बसली की तिचं एक जुनं गाऱ्हाणंही निघायचं. आमची आई दारात उभी राहून सगळ्यांचं तोंड भरून स्वागत करायची. शेजारणी, माझे उडाणटप्पू मित्र, अगदी पोस्टमनसुद्धा त्यातून सुटायचा नाही. ताई आली की मात्र आई आत, ओट्यापाशी, दाराकडे पाठ करून, पातेल्यात काहीतरी ढवळत असायची. "एकदासुद्धा माझ्यासाठी दारात आली नाही," ताई म्हणायची. "पाठमोरीच विचारायची, आलीस का? जवळ दिलेल्या लेकीचं कसलं कौतुक." ती हे हसत म्हणायची. पण आई जाऊनही इतकी वर्षं झाली आणि गाऱ्हाणं तेच राहिलं, म्हणजे ते कुठेतरी लागलेलं होतं. मी आपला विषय बदलायचो.

तर असा सगळा जीव त्या फूटपाथवर टांगलेला. मी वर्षभर अर्ज करत होतो, साहेब लोकांच्या टेबलांपुढे ताटकळत होतो. शेवटी त्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, कुदळी-पहारी घेऊन माणसं आली. मुकादम जाडजूड, खांद्यावर टॉवेल, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता कामाकडे बघणारा. मला असली माणसं आवडतात.

"शनिवारी खुर्ची गेली पाहिजे इथून," मी म्हणालो.

"जाईल. उद्या मुळांचं बघू, बुधवारी काँक्रीट ओतलं की शनिवारी हत्ती न्या," मुकादम म्हणाला.

दुपारपर्यंत त्यांनी जुन्या फरश्या पहारींनी उलथून काढल्या. खाली मुळांचा नुसता गुंता होता. त्यातलं एक मूळ माणसाच्या मांडीएवढं, फूटपाथला आडवं गेलेलं. फरशीखाली वाढून वाढून त्याची वरची बाजू सपाट झाली होती आणि सालीवर फरशीच्या सांध्याची रेघ उमटली होती.

मी आयुष्यभर एका छापखान्यात कागद कापायचं यंत्र चालवलं. गठ्ठा लावायचा, रेघ जुळवायची, पातं खाली आणायचं, की झालं. सरळ रेघ सोडून दुसरं काही मला सुधरत नाही. मी म्हणालो, "मुकादम, करवत आणा. एकदा सरळ कापा आणि मोकळे व्हा."

"काका, तुमच्या तोंडात साखर पडो. पण झाडवाली बाई बघून गेल्याशिवाय हात लावला तर माझी नोकरी जाईल."

झाडवाली बाई संध्याकाळच्या आत स्कूटरवरून आली. माझ्या मुलीच्या वयाची, मला मुलगी असती तर. आल्या आल्या ती सरळ मातीत गुडघे टेकून बसली आणि ब्रशने एकेका मुळावरची माती झटकू लागली. मग तिने खिशातून खडू काढला. बारीक मुळांवर फुल्या मारल्या, काहींवर गोल काढले. मोठ्या मुळावर एकावर एक असे दोन गोल काढले.

"फुली म्हणजे कापा," तिने मुकादमाला सांगितलं. "करवतीने, स्वच्छ. कुदळीने तोडायचं नाही. गोल म्हणजे हात लावायचा नाही. त्याच्यावरून खडी टाकून दोन्हीकडे उतार काढा."

"हे एवढं धूड ठेवलं तर फूटपाथ सरळ कसा होणार?" मी मधे तोंड घातलं.

"सरळ नाहीच होणार. थोडा चढेल, थोडा उतरेल. खुर्ची आरामात जाईल, काका."

"आणि हे कापलं तर?"

"आज काही दिसणार नाही. झाडाने या बाजूला हेच धरून ठेवलंय. एखाद्या वादळात तुमच्या घरावर येईल, नाहीतर उभ्या उभ्या वाळेल."

"घर माझं आहे. मला चालेल."

"झाड तुमचं नाही ना पण," ती हसून म्हणाली. उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण ते फारसं चांगलं नव्हतं, म्हणून गिळलं. जाताना ती एवढंच सांगून गेली की उघडी मुळं सुकू देऊ नका, गोणपाट टाका आणि पाणी मारत राहा.

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो. घरात खोकी रचलेली, भिंतींवर तसबिरी काढल्याच्या चौकोनी खुणा. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसून चमचे मोजून कागदात गुंडाळत होती. आतल्या खोलीत सूनबाई खोक्यांना चिकटपट्टी लावत होती, तिचा चर्र चर्र आवाज येत होता. मी झाडवाल्या बाईबद्दलची सगळी भडास ओकली. माझं चाललं असतं तर झाडच मुळापासून काढलं असतं, असंही म्हणालो.

"त्या झाडाला हात लावू द्यायचा नाही," ताई म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं?"

"माझ्यासाठी असेल तर मुळीच नको."

"एवढं काय ठेवलंय त्या झाडात?"

तिने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. चिकटपट्टीचा आवाज चालू होता.

"सुरुवातीची वर्षं तुला काय आठवणार. तू तेव्हा चड्डी सावरत फिरायचास. इथे काय चालायचं ते आता बोलण्यात अर्थ नाही. तुझे भाऊजी मनाने चांगले, पण आईपुढे मूग गिळून बसायचे. मी दुपारी घरातून निघायचे ती रडतच. इस्त्रीवाल्यापर्यंत डोळे थांबायचे नाहीत. मग तुमच्या त्या झाडापाशी यायचे आणि खोडाआड उभी राहायचे. तोंड पुसायचं, नाक शिंकरायचं, दोन-चार लांब श्वास घ्यायचे, आणि मग फाटक उघडायचं. घरात शिरले की मी अगदी मजेत."

"रोज?"

"बहुतेक रोज. आई जाईपर्यंत तिला कळलं नाही." ताईने चमच्यांची पुडी दोऱ्याने बांधली. "नाहीतर जीव गेला असता तिचा. जवळ दिली म्हणून खूश होते बिचारे दोघं. आयुष्यात एवढी एक गोष्ट मला जमली बघ."

हे तिने अभिमानाने सांगितलं. मीही चार चमचे गुंडाळले. परत येताना झाडापाशी थांबलो आणि खोडावर हात ठेवून पाहिला. पन्नास वर्षं मी त्या झाडाला कचरा करणारं झाड म्हणत आलो होतो.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या घरात दारापुढची जागा रोज सकाळी धुवायची पद्धत आहे. आई धुवायची, तिच्यामागे मी धुतो. फाटकापासून झाडापर्यंत, बादली आणि खराटा. आजारी असलो तरी धुतो. मंगळवारी सकाळी उठलो तर समोर फरश्याच नाहीत, नुसती माती आणि मुळं. हाताला चैन पडेना. त्यात बाईने पाणी मारायला सांगितलंच होतं. मी गोणपाट बाजूला केलं, नळी लावली आणि मुळं धुवायला घेतली. चिखल निघेना म्हणून खराट्याने घासली. आदल्या संध्याकाळी ताईने जे सांगितलं होतं त्याने त्या झाडाचं काहीतरी करावंसं वाटत होतं, आणि मला दुसरं काय करता येतं? सगळी मुळं लख्ख झाली तेव्हा कुठे कंबर सरळ केली.

मुकादम आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काका, हे काय केलंत?"

"पाणी मारलं. बाईने सांगितलं होतं."

"बाईने पाणी मारायला सांगितलं होतं. आंघोळ घालायला नव्हतं सांगितलं. खडू कुठे आहे?"

खडू गटारात गेला होता. एक फुली शिल्लक नव्हती की एक गोल.

मुकादमाने लगेच फोन लावला. शहराच्या पलीकडच्या बाजूला एक झाड शाळेच्या भिंतीवर कलंडलं होतं आणि बाई तिथे अडकली होती. गुरुवारच्या आत यायला जमणार नव्हतं. गुरुवारी खुणा, मग कापणं, मग खडी, मग काँक्रीट. म्हणजे शनिवार हातचा गेला.

मुकादमाने टॉवेलने मान पुसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही काल इथेच उभे होतात. मी बारक्यांचं तेवढं लक्षात ठेवलंय. त्या मोठ्यावर काय होतं, फुली की गोल? तुम्ही फुली म्हणालात तर मी फुली समजतो. आत्ता करवत लावतो, दुपारी सपाट, उद्या काँक्रीट."

त्याला आठवत नव्हतं असं मला वाटत नाही. तो मला वाट करून देत होता, आणि त्याचा त्यात काही स्वार्थ नव्हता. मी त्या मुळाकडे पाहिलं. सरळ रेघ मला दिसत होती, फाटकापासून सायकलच्या दुकानापर्यंत, आणि त्या रेघेवरून खुर्चीत बसून येणारी ताई दिसत होती. मला ती यायला हवी होती. वर्षभर मी चार वाजता एकट्यासाठी चहा टाकत होतो आणि दुसरा कप फळीवरून काढून पुन्हा जागेवर ठेवत होतो. रविवारनंतर तो कप काढायचंही कारण राहणार नव्हतं. फुली म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"गोल," मी म्हणालो. "दोन गोल होते."

"नक्की?"

"नक्की आहे म्हणून तर सांगतोय. पुन्हा विचारू नका."

मुकादमाने करवत पुन्हा टेम्पोत टाकली. माणसं दुसऱ्या गल्लीत निघून गेली. माझ्या दारापुढे उघडा खड्डा आणि ओलं गोणपाट राहिलं. त्या दोन दिवसांत मी ज्याच्या-त्याच्यावर खेकसत होतो. इस्त्रीवाल्याने शर्टची घडी नेहमीसारखीच घातली होती, तरी त्याला चार शब्द ऐकवले. ताईला काही सांगितलं नाही. काम चालू आहे एवढंच म्हणालो.

गुरुवारी झाडवाली बाई आली. मला वाटलं आता ही झाडेल. पण ती मुळांकडे बघून हसायलाच लागली. म्हणाली, इतकी स्वच्छ मुळं मी पुस्तकातसुद्धा पाहिली नव्हती. या वेळी तिने खडूऐवजी रंगाचा डबा आणला होता. आधी खोडाभोवती टेप गुंडाळून घेर मोजला, कारण खोडाच्या घेरावरून किती अंतरापर्यंतच्या मुळांना हात लावायचा नाही ते ठरतं म्हणे. टेपचं दुसरं टोक तिने माझ्या हातात दिलं. खोडाला मिठी मारल्याशिवाय ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"चांगलं वाढलंय," ती आकडा बघत म्हणाली. "या जातीचं झाड वर्षाला थोडंथोडंच जाड होतं. तुमच्या लहानपणी हे काय असेल, मनगटाएवढं."

"छे. तेव्हाही मोठंच होतं. माझी ताई लग्नानंतर याच्या खोडाआड उभी राहायची."

"कधी झालं लग्न?"

मी सांगितलं. तिने मान हलवली.

"शक्यच नाही, काका. तेव्हा याच्याआड मांजरसुद्धा लपलं नसतं."

ती पुन्हा गुडघ्यांवर बसून लाल रंगाने फुल्या मारू लागली. मी टेपचं टोक हातात धरून तसाच उभा होतो. मग घरात गेलो. दारात उभा राहून झाडाकडे पाहिलं, तिथून ओट्यापाशी गेलो, पुन्हा दारात आलो. त्या दुपारी चहा करायचा राहून गेला.

शुक्रवारी फुल्यांची मुळं कापली गेली. शनिवारी सकाळी मोठ्या मुळावर माती आणि खडीचा थर पडला, दोन्हीकडे लांब उतार निघाला. काँक्रीट सोमवारी येणार होतं. सोमवारी ताई इथे नसणार होती. मी मुकादमाजवळ गेलो.

"ओतकामाच्या फळ्या आहेत ना तुमच्याकडे? त्या आज दुपारपुरत्या खडीवर टाका."

"आणि कोणी घसरून पडलं तर माझी मान अडकायची."

"माझी बहीण येणार आहे. चाकाच्या खुर्चीतून. उद्या ती गाव सोडून जातेय."

मुकादमाने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मंगळवारी का नाही बोललात हे?"

"मंगळवारी बोललो असतो तर तुम्ही करवत लावली असती."

जेवणाच्या सुट्टीत तो माणसांना घेऊन आला, खडीवर फळ्या अंथरल्या, त्या हलू नयेत म्हणून खालून आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि स्वतः त्यांच्यावरून दोनदा चालून पाहिलं. त्याचं वजन पेललं म्हणजे कोणाचंही पेललं असतं. "संध्याकाळी उचलणार," असं दम दिल्यासारखं सांगून तो गेला. मी ताईला फोन करून एवढंच म्हणालो, आज मी घरीच आहे. ती म्हणाली, बरं.

चारच्या आधीच मी दारात जाऊन उभा राहिलो. ओळीने लावलेल्या गाड्यांच्या कडेकडेने, फूटपाथवरून येणारी खुर्ची दूरवर दिसली. सूनबाई मागून चालत होती. इस्त्रीवाल्यापाशी ताईने हात करून तिला थांबवलं आणि पुढे एकटी निघाली. तिने चांगलं लुगडं नेसलं होतं, केस नीट बांधले होते. फळ्यांच्या चढावर चाकं थोडी अडखळली. तिने पुढे वाकून जोर लावला आणि वर आली. मला धावत जावंसं वाटत होतं. मी चौकट धरून उभा राहिलो.

चढ संपल्यावर ती झाडापाशी पोचली आणि दिसेनाशी झाली. खोडाने ती, तिची खुर्ची, सगळं झाकून टाकलं. फक्त मागच्या चाकाची कड तेवढी बाहेर दिसत होती. मी वाट पाहिली. चाक हललं नाही.

मग मी आत गेलो. ओट्यापाशी उभा राहिलो, दाराकडे पाठ केली, गॅस पेटवला आणि पातेल्यात चमचा फिरवू लागलो.

बऱ्याच वेळाने फाटक वाजलं. पायरीवर मी लाकडी उतरण करून ठेवली होती, तिच्यावर चाकांचा आवाज झाला आणि मग घरातल्या फरशीवर.

"शेंड्या."

"आलीस का?" मी पाठमोराच म्हणालो.

"हे बघा. वर्षाने आपली आपण आले आणि हा पाठ करून उभा. तू तर आईच्याही वरताण झालास."

आवाज अगदी मजेत होता. चहाला उकळी आली होती. मी गॅस बारीक केला.

"तोंड पुसून झालं का?"

मग ती म्हणाली, "मी खोडाआड होते."

"आज होतीस. आज ते खोड तेवढं आहे. तू नवी नवरी होतीस तेव्हा ते मनगटाएवढं होतं, ताई. बाईने मोजून सांगितलंय. त्याच्याआड मांजरसुद्धा लपलं नसतं."

फरशीवर चाकं कुरकुरली. मी खांद्यावरून हळूच पाहिलं. तिने खुर्ची वळवून दारात नेली होती आणि माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत होती. दारातून झाड समोरच दिसतं, फाटकाच्या थोडं पलीकडे. खोड बारीक असताना तिथे कोण उभं आहे आणि काय करतंय हे इथून कोणालाही दिसलं असतं.

"ती दारातच उभी असायची," ताई म्हणाली. "रोज चारला."

"असणार."

"आणि मी डोळे पुसायला लागले की आत जाऊन..."

तिचे खांदे हलायला लागले. माझ्या एका हातात तिचा कप होता. मी एक पाऊल पुढे टाकलं.

"तू इकडे बघू नकोस," ती म्हणाली.

"नाही बघत," मी म्हणालो, आणि ओट्याकडे वळून, कधीच झालेला चहा ढवळत राहिलो.